'अ‍ॅट लाँग लास्ट लव्ह' (१९७५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवूड म्युझिकलचा, म्हणजे गाण्या-नाचांतून गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटांचा, विषय निघाला की या चित्रपटावरून हमखास वाद पेटतो. एक जण म्हणतो याच्याइतकी फजिती दुसरी नाही, दुसरा म्हणतो बिचाऱ्यावर अन्याय झाला. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांनी चित्रपट पाहिलेला नसतो, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनीही एकच आवृत्ती पाहिलेली नसते. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं तटस्थ असतीलच असं नाही.

हा चित्रपट आहे तरी कुणाचा?

दिग्दर्शक पीटर बॉग्दानोविच, निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची, गाणी सगळी कोल पोर्टरची. पोर्टर १९६४ सालीच वारला होता. त्याने विसाव्या-तिसाव्या दशकात ब्रॉडवेच्या नाटकांसाठी लिहिलेली गाणी निवडून त्यांच्याभोवती नवी गोष्ट रचली आहे. चित्रपटाचं नावही त्याच्याच १९३८च्या एका गाण्याचं. मुख्य भूमिकांत बर्ट रेनल्ड्स, सिबिल शेफर्ड, मॅडलिन कान आणि इटालियन नट दुइलिओ देल प्रेते. जोडीला आयलीन ब्रेनन, जॉन हिलरमन आणि मिल्ड्रेड नॅटविक.

बॉग्दानोविचचा त्या वेळचा दबदबा लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत त्याचे लागोपाठ तीन चित्रपट गाजले होते, आणि त्यातले दोन चक्क कृष्णधवल होते. जुन्या धाटणीचं काही करून लोकांना आवडवून दाखवणं ही त्याची खासियत मानली जायची. म्हणजे स्टुडिओने पैसे देताना डोळे मिटले होते असं नाही.

गोष्ट काय आहे?

तिसाव्या दशकातलं न्यूयॉर्क. कंटाळलेला श्रीमंत मायकेल, रंगभूमीवर गाणारी किटी, पैशांची चणचण भासू लागलेली श्रीमंताघरची ब्रुक आणि जुगारी जॉनी. आधी एका तऱ्हेने जोड्या जुळतात, मग दुसऱ्या तऱ्हेने, मग मत्सर. मालकांच्या भानगडींना समांतर ब्रुकची मोलकरीण आणि मायकेलचा खासगी नोकर यांचंही जुळत असतं. एवढंच. गोष्टीत जीव नाही अशी तक्रार करणाऱ्यांना सांगायचं तर या प्रकारात गोष्टीला जीव असावा अशी अपेक्षाच नसते.

मग लोक एवढे चिडले कशावर?

वरवरचं उत्तर सोपं आहे. रेनल्ड्स आणि शेफर्ड यांना गाता येत नाही, नाचता तर त्याहून येत नाही, आणि चित्रपटभर ते गातात आणि नाचतात.

पण तेवढ्याने इतकी वर्षं पुरेल एवढा राग येत नाही. आणखी दोन-तीन गोष्टी साचल्या होत्या. बॉग्दानोविच आणि शेफर्ड त्या काळी एकत्र राहत होते आणि ते लपवतही नव्हते. मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होते. १९७४ साली त्याने तिला मुख्य भूमिका देऊन एका अभिजात कादंबरीवर चित्रपट केला, तो चालला नाही. त्यामुळे पुढच्याच वर्षी तीच नायिका, शिवाय आता ती गाणारही, हे ऐकून समीक्षक बाह्या सरसावूनच बसले होते. या समीक्षणांतला काही विखार पडद्यावरच्या गोष्टींपेक्षा पडद्याबाहेरच्या गोष्टींवरचा होता, असं ती आज वाचताना स्पष्ट जाणवतं.

तरीही सगळा दोष आकसाला देता येणार नाही. साधा प्रेक्षक काही मासिकं वाचून ठरवत नव्हता, तरी तोही आला नाहीच. खर्च पन्नास-साठ लाख डॉलरच्या घरातला; तो निघाला नाही.

सगळ्यांनीच मात्र झोडपलं नव्हतं. शिकागोच्या रॉजर ईबर्टने चारपैकी अडीच तारे दिले होते. म्हणजे 'बघा' नाही, पण 'जाळून टाका' असंही नाही. माझ्या मते त्या वर्षीचं ते सर्वांत प्रामाणिक परीक्षण.

गाणी थेट सेटवर गायली म्हणतात. म्हणजे नेमकं काय केलं?

भांडणाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

म्युझिकलची रूढ पद्धत अशी: गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं, मग चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचं आणि नटांनी ओठ हलवायचे. ही पद्धत १९२९ सालीच रुजू लागली. एमजीएम स्टुडिओच्या 'द ब्रॉडवे मेलडी'मधलं एक गाणं पुन्हा चित्रित करायचं ठरलं, आवाज आधीचाच चांगला होता, तेव्हा तो वाजवून फक्त चित्र नव्याने घेतलं. खर्चही वाचला. पुढे सगळ्यांनी तोच मार्ग धरला.

पण त्या पहिल्या काही वर्षांत गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपण्याची रीतही जोरात होती. अर्न्स्ट लुबिचच्या सुरुवातीच्या म्युझिकलमध्ये मोरिस शेव्हालिए कॅमेऱ्यासमोर खरोखर गात असतो, आणि बोलता बोलता गाण्यात शिरतो तेव्हा आवाजाचा पोत बदलत नाही. बॉग्दानोविचला हेच हवं होतं. ओठ हलवायला लागला की नट त्या क्षणापुरता नट राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यासाठी नटांच्या कानात छोटे रिसीव्हर बसवले, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर एक जण इलेक्ट्रिक पियानोवर साथ करायचा, आणि ती साथ फक्त नटांना ऐकू यायची. वाद्यवृंद नंतर चढवला. म्हणजे वाद्यवृंदाने नटाच्या मागे जायचं, नटाने वाद्यवृंदाच्या मागे नाही. गाताना श्वास चुकला, हसू फुटलं, सूर घसरला, तर तो तसाच राहणार. त्यात भर म्हणजे बरीचशी गाणी लांबलचक शॉटमध्ये, मधे फारशी कात्री न लावता घेतलेली.

२०१२ साली 'ले मिझराब्ल' या म्युझिकलचा गाजावाजा झाला तो याच मुद्द्यावर: नट थेट गातात, कानात पियानो वाजतो, वाद्यवृंद नंतर. तेव्हा या जुन्या चित्रपटाचं नाव काढणारे थोडेच होते. काढणाऱ्यांचा आवाज मात्र जरा चढलेला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

पण रेक्स हॅरिसनही गात नव्हताच की. त्याला चालतं ते रेनल्ड्सला का नाही?

उत्तम प्रश्न, आणि टीकाकारांना अडचणीत आणणारा.

'माय फेअर लेडी'मध्ये (१९६४) हॅरिसनने आपली गाणी थेट सेटवर, कपड्यांत बिनतारी मायक्रोफोन लपवून म्हटली. म्हटली हाच योग्य शब्द. तो सुरांच्या आसपास बोलत राहतो. त्याला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. त्याच चित्रपटात ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली, आणि त्यावरून हेपबर्नला बोलणी खावी लागली. म्हणजे न गाणाऱ्या नटाची प्रेक्षकांना ॲलर्जी असते असं नाही.

फरक कशाचा? एक तर हॅरिसनने ती भूमिका रंगभूमीवर प्रदीर्घ काळ केलेली. गाण्यातला प्रत्येक शब्द कुठे सोडायचा, कुठे ओढायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. दुसरं, ती गाणी त्याच्यासाठीच, त्याच्या मर्यादा ओळखून बांधलेली होती. पोर्टरची गाणी तशी नाहीत. त्यांत स्वरांची उडी असते, सफाईची मागणी असते; एथेल मर्मनसारख्या खणखणीत गळ्यांसाठी त्यांतली कित्येक लिहिली गेली.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हॅरिसनचा प्राध्यापक हा गाणारा माणूसच नाही, तो तावातावाने वाद घालणारा माणूस आहे. त्याचं न गाणं भूमिकेत बसतं. रेनल्ड्सचा मायकेल मात्र हवेत तरंगणारा, निष्काळजी, डौलदार असायला हवा. डौल हीच ती भूमिका. आणि रेनल्ड्स प्रत्येक गाण्यात प्रयत्न करताना दिसतो. प्रामाणिक, कष्टाळू प्रयत्न. निष्काळजी माणसाची भूमिका काळजीपूर्वक केलेली दिसली की संपलं.

त्याला गाणं जमतच नव्हतं असंही नाही. १९८२ साली टेक्सासच्या एका कुंटणखान्याच्या कथेवरच्या म्युझिकलमध्ये तो डॉली पार्टनबरोबर गायला आणि चित्रपट चांगला चालला. तिथे तो रांगडा शेरिफ होता, टॉप हॅट घातलेला उमराव नव्हता.

सिबिल शेफर्ड खरंच एवढी वाईट आहे का?

नाही. तिचा आवाज पातळ आहे, पण ती बेसूर नाही. १९७४ साली तिचा पोर्टरच्या गाण्यांचा आल्बमही आला होता, तेव्हा ही गाणी तिला नवी नव्हती. तिची अडचण नाचात आणि चेहऱ्यात आहे. आपण किती मजेत आहोत हे ती सतत दाखवत राहते.

मॅडलिन कानचं काय? तिच्याबद्दल वाईट कुणीच बोलत नाही.

बोलायला जागाच नाही. तिने ऑपेराचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि विनोदाची जाण उपजत होती. तिचं 'फाइंड मी अ प्रिमिटिव्ह मॅन' एवढं एकच गाणं बघा. थेट गायनाची कल्पना काय करू शकली असती ते त्यात कळतं: शब्दाच्या मधेच तिला काहीतरी सुचतं आणि सूर तिकडे वळतो. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यात हे होत नाही. आयलीन ब्रेननही छान आहे. या दोघींमुळेच 'पद्धत चुकीची होती' हे म्हणणं टिकत नाही. पद्धत बरोबर होती, दोन माणसं चुकली, आणि दुर्दैवाने नेमकी तीच पोस्टरवर होती.

नाचाबद्दल एवढी ओरड का? फ्रेड अस्टेअरसारखं कुणाला येणार?

जुन्या म्युझिकलमधल्या त्या नावाजलेल्या नर्तक-नटासारखं कुणालाच नाही, पण मग त्याच्यासारखं चित्रीकरण करू नये. अस्टेअरचा आग्रह असायचा की नाच डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि शक्य तितक्या कमी तुकड्यांत. त्यामागे कित्येक आठवड्यांची तालीम असे. बॉग्दानोविचने तोच लांब शॉट, तीच पूर्ण चौकट घेतली आणि त्यात कामचलाऊ नाच ठेवला. नवशिक्या नर्तकाला वाचवायचं तर संकलक लागतो. इथे त्याला बाहेर बसवलं होतं.

समर्थक म्हणतात, हाच तर मुद्दा आहे: ही माणसं व्यावसायिक नर्तक नाहीत, आनंद झाला म्हणून पाय हलवताहेत. ऐकायला गोड. 'फ्रेंडशिप' गाण्यात हे खरंही वाटतं, कारण तिथे सगळे झिंगलेले आहेत. बाकी ठिकाणी पावलं मोजत नाचणारी माणसं आनंदाने नाचताहेत असं मानायला मन तयार होत नाही.

म्युझिकलचा काळच संपला होता, त्यात या चित्रपटाचा काय दोष?

अर्धसत्य. १९६५च्या 'साउंड ऑफ म्युझिक'च्या प्रचंड यशानंतर स्टुडिओंनी त्याच साच्याचे अवाढव्य चित्रपट काढले. फॉक्सनेच 'डॉक्टर डूलिटल' (१९६७), 'स्टार!' (१९६८) आणि 'हेलो, डॉली!' (१९६९) यांत हात पोळून घेतले. इथवर बरोबर.

पण १९७२च्या 'कॅबरे'ने आठ ऑस्कर नेली. तिथे जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या मंचावरच होतात. कुणी रस्त्यात उगाच गात सुटत नाही. १९७४ला एमजीएमने आपल्याच जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून 'दॅट्स एंटरटेनमेंट!' काढला आणि त्यालाही गर्दी झाली. म्हणजे लोकांना जुनी म्युझिकल नको होती असं नाही. खरी जुनी हवी होती. वर्षभरापूर्वीच पडद्यावर अस्सल अस्टेअर पाहिलेल्या प्रेक्षकासमोर ही नवी जुनी म्युझिकल आली, याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

चित्रपट रंगीत आहे की कृष्णधवल?

रंगीत. पण नेपथ्य आणि कपडे बव्हंशी काळे, पांढरे, रुपेरी, साय रंगाचे. त्यामुळे चेहरे आणि ओठ तेवढे रंगीत दिसतात. छायाचित्रणकार लास्लो कोवाक्स. या बाबतीत विरोधकही सहसा गप्प बसतात.

दिग्दर्शकाने वर्तमानपत्रात जाहीर माफी मागितली होती ना?

ती गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि दर वेळी थोडी फुगते. एवढं नक्की की बॉग्दानोविचने पुढे मुलाखतींतून जबाबदारी झटकली नाही. प्रदर्शनाआधीचे खेळ घाईने झाले, त्यानंतर आपण इतरांचं ऐकून घाईत कापाकापी केली, असं तो सांगायचा. माफीची कथा एवढी आवडीने का सांगितली जाते हे उघड आहे: ज्याला आपण गर्विष्ठ ठरवलं त्याने कान पकडले, यात एक वेगळंच समाधान असतं.

वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत म्हणतात. मग कोणती बघायची?

चित्रपटगृहात गेलेली आवृत्ती वेगळी, त्यानंतर दिग्दर्शकाने दूरदर्शन प्रसारणासाठी दुरुस्त केलेली वेगळी. तिसरीची हकीकत मजेदार आहे. फॉक्सच्याच संकलन विभागातल्या एका जाणत्या माणसाला चित्रपट आवडत होता. त्याने मूळ पटकथेच्या जवळ जाणारी आवृत्ती कुणालाही न सांगता जुळवली आणि हळूच जुनीच्या जागी ठेवून दिली. पुढे अनेक वर्षं तीच फिरत राहिली. बॉग्दानोविचलाही पत्ता नव्हता. अखेर ऑनलाइन आलेली ती आवृत्ती पाहून तो चकित झाला, कारण आपल्याला हवा होता त्याच्या खूपच जवळचा चित्रपट समोर होता. थोडा हात फिरवून तो २०१३ साली ब्लू-रे म्हणून आला. लांबी दोन तासांच्या थोडी वर.

तीच बघा. आणि वाद घालण्यापूर्वी समोरच्याने कोणती पाहिली आहे ते विचारून घ्या. १९७५ला पाहिलेला माणूस आणि २०१३नंतर पाहिलेला माणूस यांची जुंपते, तेव्हा दोघेही वेगवेगळ्या चित्रपटांबद्दल बोलत असतात.

आता तो 'कल्ट', म्हणजे मोजक्या पण वेड्या चाहत्यांचा चित्रपट, झाला आहे का?

छोटासा. त्याच वर्षी त्याच फॉक्सचा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो'ही आधी आपटला होता. १९७६पासून मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला अशी काही पालवी फुटली की अजून सुकलेली नाही. त्याचे चाहते गृहात येऊन ओरडतात, वेशभूषा करतात. आपल्या चित्रपटाचे चाहते घरी एकटे बसून बघतात आणि मग लांबलचक युक्तिवाद करतात.

आपल्याकडे गाणी पार्श्वगायकाचीच असतात. मग आपल्याला हे वेगळं वाटतं का?

वाटतं, आणि दोन उलट बाजूंनी. पडद्यावरचा चेहरा आणि आवाज वेगळ्यांचे असण्यात आपल्याला काहीच खटकत नाही, उलट न गाणाऱ्या नटाला कशाला गायला लावलं असंच आपण विचारू. दुसरीकडे, आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली होती. प्रभातच्या १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतःच गायले. पण आपला नट तेव्हा संगीत नाटकातून येई, आणि तिथला प्रेक्षक आधी गळा मागे, मग अभिनय. बॉग्दानोविचने नेमका क्रम उलटा लावला. म्हणून मराठी कानाला हा चित्रपट अमेरिकी कानापेक्षा अधिक खुपण्याची शक्यता आहे.

पोर्टरच्या गाण्यांत एवढं आहे तरी काय?

शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच, आणि यमकांचा अक्षरशः हैदोस. १९३४च्या 'यू आर द टॉप'मध्ये प्रेयसीची स्तुती करताना तो कलोसियम, लूव्र संग्रहालय, मिकी माउस अशी यादी लावतो. त्यात महात्मा गांधीही येतात आणि त्यांचं यमक थेट ब्रँडीशी जुळवतो. अशा गाण्यात प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. थेट गायनाचा एक फायदा इथे झाला आहे: चारही जण शब्द नीट उच्चारतात, कारण ते एकमेकांशी बोलताहेत. हे श्रेय द्यायलाच हवं.

नंतर कुणी असा प्रयत्न केला का?

वुडी ॲलनने १९९६ला 'एव्हरीवन सेज आय लव्ह यू' केला. त्यातही न गाणारे नट जुनी गाणी गातात, आणि तो बऱ्यापैकी आवडला. पण त्याने गोष्ट आजच्या माणसांची ठेवली. गळा साधा, कपडे साधे, माणसंही ओळखीची. मग गाणं अडखळलं तरी प्रेक्षक सावरून घेतो. १९७५च्या चित्रपटात नेपथ्य, कपडे, कॅमेरा सगळं झगमगीत आणि गळा तेवढा घरगुती.

तुमचं स्वतःचं मत काय?

पहिली चाळीस मिनिटं आनंदाने, मधला भाग घड्याळ बघत, शेवट पुन्हा बरा. गाणी फार आहेत; चार-पाच कमी असती तर बरीच टीका वाचली असती. वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचं नाव बघून मात्र चीड येते. त्या याद्यांत आळशी चित्रपट असावेत. हा आळशी नाही.

जुनी म्युझिकल कधीच पाहिली नाही. यानेच सुरुवात करू का?

नको. आधी लुबिचचा 'द लव्ह परेड' (१९२९) किंवा अस्टेअर आणि जिंजर रॉजर्सचा कोणताही एक बघा. ती चव जिभेवर आली की मग हा लावा. तेव्हाही नाहीच आवडला तर कानचं गाणं तेवढं बघून बंद करा.